सुक्या वाळूची काठी

वालाच्या शेंगा भरल्या, असं परवा सूनबाईने सांगितलं आणि माझे पाय आपसूक पुळणीकडे वळले. शेंगांचा आणि पुळणीचा संबंध काय, असं कुणीही विचारील. आमच्या दिवेआगरात थंडीत शेंगा भरल्या की माणसं मडकं शोधतात, भांबुर्ड्याचा पाला आणतात, ओवा-मीठ लावून पोपटी लावतात, म्हणजे शेंगा मडक्यात भाजतात. मी मात्र चपला हातात घेते, समुद्रावर जाते आणि वाळू चाचपत बसते. ओली कुठपर्यंत, सुकी कुठून. नातू विचारतो, "आजी, काय हरवलंय?" काही हरवलेलं नाही रे बाबा. एका थंडीत आमच्या घरातली सगळी माणसं या वाळूत एक काठी पारखत होती, ती आठवतात, इतकंच.

काठी म्हणजे गोल्फची. हसा खुशाल. मलाही लिहिताना हसू येतंय.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. साहेबाचं राज्य होतं. मुंबईची आगबोट दिघीला लागायची आणि तिथून बैलगाडीने नाहीतर पायी गावात यायचं. माझा मोठा भाऊ सदूदादा मुंबईला साहेबांच्या गोल्फच्या मैदानावर कामाला होता. साहेबाच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर टाकून त्याच्या मागून चालायचं, मागेल ती काठी हातात द्यायची आणि चेंडू कुठे जाऊन पडला ते लक्षात ठेवायचं, हे त्याचं काम. कॅडी म्हणायचे त्याला. साहेब आला तर रोज मिळायचा, पाऊस लागला किंवा साहेबाचं डोकं दुखलं तर हात हलवत परत.

बाबा आमचे तात्यांच्या वाडीत सुपारी काढायचे. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांना सांगून पटायचं नाही. माणूस एका पोफळीवर चढतो आणि खाली उतरतच नाही. शेंड्यावर बसून झाड झुलवतो, झुलवतो आणि झोक्यात शेजारच्या पोफळीला मिठी मारतो. अशी दहा-पंधरा झाडं करूनच पाय जमिनीला लागायचे. बाबा हे काम गाणं गुणगुणत करायचे. त्या थंडीच्या दोन वर्षं आधी एका झोक्यात त्यांचा हात सुटला. जीव वाचला, पण पाय वाकडा जुळला तो जुळलाच. तेव्हापासून वारा सुटून पोफळी डोलायला लागल्या की आईचा हात जिथल्या तिथे थांबायचा. भाकरी थापत असली तर भाकरी अर्धी राहायची.

तात्या वाईट नव्हते. पाय मोडल्यावरही त्यांनी आम्हाला वाडीच्या कोपऱ्यातल्या खोपटात राहू दिलं. पण त्यांचीही सुपारी झाडावर राहून चालणार नव्हती. त्यांनी बाबांना सांगितलं, "शिमग्यापर्यंत थांबतो. मग सदू चढू दे. नाहीतर मला दुसरा गडी आणायला हवा आणि त्याला राहायला ही जागा द्यायला हवी." बाबा 'व्हय' म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

म्हणजे शिमग्याला दादा झाडावर जाणार, हे जवळजवळ ठरलेलं होतं. एकच फट उरली होती. मैदानावर वर्षातून एकदा कॅडींची आपापसात मॅच व्हायची, साहेब खुर्च्या टाकून बघायला बसायचे. त्या वर्षी जाहीर झालं होतं की पहिल्या दोघांना कायम करणार. महिन्याचा पगार आणि मैदानाच्या मागे खोली. मॅच संक्रांतीनंतर होती. आणि पौष लागता लागता दादा अचानक घरी आला, बगलेत गोणपाटाची लांबट गुंडाळी घेऊन.

आईने आधी गुंडाळीच बघितली. "काय आणलंस रे? छत्रीच्या काड्या?"

"खाटेचे पाय दिसतायत," बाबा म्हणाले.

दादाने गोणपाट सोडलं. आत दोन काठ्या. दांडा लाकडाचा आणि टोकाला लोखंडाचं तिरकं पातं. साहेब तिला निब्लिक म्हणत. आता वेज म्हणतात म्हणे.

"आये, ही खड्ड्यातली काठी. मैदानात साहेबांनी मुद्दाम वाळूचे खड्डे करून ठेवलेत. चेंडू त्यात पडला की हिनेच काढायचा."

"मुद्दाम?"

"व्हय."

"आणि पडला की?"

"साहेब कपाळावर हात मारतो."

आईने बाबांकडे बघितलं. "म्हणजे आपणच खड्डा करायचा, आपणच त्यात पडायचं, आपणच हळहळायचं."

"आणि ही माणसं राज्य करतायत आपल्यावर," बाबा म्हणाले.

बाकीच्या जुन्या काठ्या दादाकडे होत्या, साहेबांनी टाकून दिलेल्या. खड्ड्यातली तेवढी नव्हती, आणि गेल्या वर्षीची मॅच तो खड्ड्यातच हरला होता. मैदानाजवळ रहिमानचाचा म्हणून एक म्हातारे काठ्या दुरुस्त करून विकायचे. आपल्याच किनाऱ्यावरचे, दिघीकडचे. त्यांनी दोन काठ्या पुढे केल्या. एक बारीक, पातळ पात्याची, आरशासारखी चकचकीत, तिचे सात रुपये. दुसरी काळपट, बुडाला जाड, म्हशीच्या ओठासारखं बूड खाली सुटलेलं, तिचे चार. दादाजवळ होते साडेचार. कॅडींना मैदानात एरवी काठी फिरवायला बंदी, मग पारखणार कुठे? चाचा म्हणाले, "जा बेटा, गावाला जा. तुमच्याकडे अल्लाने वाळू कमी दिलीय का? दोन्ही मारून बघ. पसंत पडेल ती ठेव, दुसरी सलामत परत आण."

एवढ्या विश्वासाने कोण कुणाला वस्तू देतं? आता दुकानात काचेला हात लावला तरी पोरगी धावत येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला आम्ही पुळणीवर गेलो. थंडी अशी की वाळूतून पायांना झिणझिण्या यायच्या. समुद्र पार लांब गेलेला, मागे ओली वाळू पाटासारखी सपाट, तिच्यात आकाश दिसायचं. आई दूर खाडीच्या तोंडाशी कालवणाच्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, उकरत होती. दादाने चेंडू ठेवला आणि बारीक काठी फिरवली. काय सांगू! पातं वाळूला चाटून गेलं, चेंडू वर उडाला आणि कुरव पक्ष्यासारखा अलगद खाली येऊन बसला. मग जाडी काठी घेतली. ती वाळूवर आपटून अशी उसळली की चेंडूच्या पोटातच बसली आणि चेंडू सरळ समुद्रात. दोन चेंडूंतला एक असा गेला. दुसरा जपायचा म्हणून मी वाडीतल्या हिरव्या सुपाऱ्या ओच्यात भरून आणल्या. दादा सुपाऱ्या मारत सुटला. बारकीने मारलेल्या सुपाऱ्या टप्प्यात पडायच्या, जाडीने मारलेल्या मुरुडच्या दिशेने जायच्या.

त्या रात्री जेवताना दादा म्हणाला, "बारकीच घेतो. गरम कोट विकला की सात होतील."

बाबांनी कोपऱ्यातल्या जाडीकडे बघितलं. तो कोट दादाने दोन थंड्या कुडकुडून घेतला होता, हे त्यांना ठाऊक होतं.

मला आता वाटतं, आम्ही समुद्रकाठची माणसं, आणि तीच आमची चूक होती. आम्हाला वाळू म्हटलं की ओलीच आठवते. चालायचं ओलीवरून, गाडी हाकायची ओलीवरून, जाळं ओढायचं ओलीवर. सुकी वाळू म्हणजे घर आणि समुद्र यांच्यामधली कटकट. तिच्यात कोण मुद्दाम खेळायला जातंय? दादा रोज साहेबाच्या मागे त्या खड्ड्यात उतरत होता, वाळू सारखी करत होता, पण गावच्या पुळणीवर पाय टेकले आणि त्याचे पाय सवयीने पाण्याकडे वळले.

पुढच्या सकाळी आई तिसऱ्यांची टोपली डोक्यावर घेऊन परतत होती. आमच्याजवळ थांबली. दादाने बारकीने दोन सुपाऱ्या मारून दाखवल्या. आईने मान डोलावली, टोपली जरा सरकवली आणि म्हणाली,

"सदू, त्या साहेबांच्या खड्ड्यात भरती येते का रे?"

"भरती? डोंगराजवळ कसली येत्येय भरती, आये?"

"मग तिथली वाळू ओली कशानं?"

दादा तिच्याकडे बघत राहिला. हातातली काठी हळूच खाली आली.

"ओली न्हाय," तो म्हणाला. "सुकी. पिठासारखी."

"मग इथे पाण्याशी काय करतोस? वर जा."

आम्ही तिघं वर गेलो. केवड्याच्या बनाशी मर्यादवेल पसरलेली असते, जांभळ्या फुलांची, तिथली वाळू घोट्यापर्यंत पाय गिळते. दादाने सुपारी ठेवली आणि बारीक काठी हाणली. काठी वाळूत गेली ती गेलीच. गळ्यापर्यंत रुतली. सुपारी जागची हलली नाही. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. आई टोपली उतरवून बसली होती. तिने जाडीकडे बोट केलं. "ती घे. सुक्या वाळूत ओझं घेऊन चालताना टाच रोवली की बाई बसली खाली. तळवा पसरून टाकावा लागतो. तिला तळवा हाय."

दादाने जाडी काठी घेतली. तिचं ते म्हशीच्या ओठासारखं बूड वाळूवर बसलं, सरकलं, वाळूचा फवारा उडाला आणि त्या फवाऱ्यातून सुपारी टुणकन बाहेर आली. एक. दोन. सहा मारल्या, सहाही बाहेर. दादाने आईला उचललं, टोपली लवंडली, अर्ध्या तिसऱ्या वाळूत सांडल्या. "सोड मेल्या, सोड!" आई ओरडत होती आणि हसत होती. चाराची काठी. कोट वाचला, वर आठ आणे उरले.

इथवर सगळं छान झालं. यापुढचं माझ्यामुळे झालं.

दादा तिथूनच परतीच्या बोटीची चौकशी करायला दिघीला गेला. आई तिसऱ्या विकायला गेली. मला सांगितलं, "काठ्या घरी ने, आणि बाबांना सांग काय झालं ते." मी काठ्या ओट्याला टेकवल्या. बाबा मागच्या बाजूला सुपारी वाळत घालत होते. पाठमोरे होते. तेवढ्यात शेजारच्या पोरी ओरडल्या, पोपटी लागतेय, पाला आण. पाल्याचा तो उग्र वास, मडकं उपडं घालून वर रचलेल्या झावळ्या, जाळ... मी धावले, निरोप सांगायचा राहिला. शेंगा खाऊन, बोटं काळी करून, तिन्हीसांजेला घरी आले तेव्हा आई आणि दादा दोघेही परतले होते आणि बाबा ओटीवर बसले होते. चेहरा नुसता उजळलेला. मांडीवर जाडी काठी.

तिला धार लावून आणली होती. गावाच्या वेशीवर गोविंद लोहाराची भट्टी होती. मोडक्या पायाने तिथवर जाऊन, दोन तास बसून, पातं घासून कोयतीसारखं करून आणलं होतं. बूड निम्मं उतरलं होतं.

"बोथट होती म्हणून चेंडूच्या पोटात बसत होती," बाबा म्हणाले. "आता चाराची साताची झाली बघ. कोट विकू नको."

मला वाटलं, जमीन फाटेल तर बरं. दादाने काठी घेतली. अंगठा पात्यावरून फिरवला. आईकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही.

"झकास झाली, बाबा," तो म्हणाला.

दोन वर्षांत बाबांनी कुणासाठी काही केलं नव्हतं, करता येत नव्हतं. सुपाऱ्या उलटसुलट करायच्या आणि वर बघायचं नाही. हे आता कळतं. तेव्हा मला फक्त एवढंच कळलं की दादा खोटं बोलला आणि आई गप्प राहिली, आणि मला कुणी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

पहाटे दादा काठी घेऊन केवड्याच्या बनाशी जाऊन आला. तोंडावरून कळलं. धारेची काठी बारकीपेक्षाही खोल रुतत होती. ती आता चाचांना परतही देता येत नव्हती, आणि तिचे चार गेल्यावर कोट विकूनही बारकीचे सात होत नव्हते.

दुपारी बाबांचा डोळा लागला. आईने काठी तिसऱ्यांच्या टोपलीत आडवी घातली, दोन्ही टोकं बाहेर, वर ओलं फडकं टाकलं, आणि मला म्हणाली, "चल." गोविंद लोहार भाता ओढत होता. आईने फडकं काढलं.

"गोविंदभाऊ, ही धार मोडून द्या."

लोहाराने भाता सोडला. "वहिनी, काल नवरा लावून घेऊन गेला, आज बायको मोडायला आली. भांडण तुमचं, हाल माझ्या कानशीचे!"

"आणि बूड पयल्यासारखं जाड करा."

"घासून गेलेलं लोखंड परत कुठून आणू? भुईत पुरलंय का मी?"

"असंल तेवढ्यातच करा. आणि यांना कळता कामा न्हाय."

हे शेवटचं वाक्य ऐकून त्याने आईकडे जरा वेळ बघितलं. मग मुकाट्याने दांडा काढला, पातं निखाऱ्यात खुपसलं. लाल झालेलं बाहेर काढून त्याने ती धार उलटी ठोकली, आत दुमडली, खालून बूड ठोकून ठोकून फुगवलं. मी ठिणग्या बघत उभी होते. प्रत्येक घणाला मनात म्हणत होते, होऊ दे, होऊ दे. शेवटी दांडा बसवून खिळा मारला आणि काठी आईच्या हातात दिली. इतकं कुरूप हत्यार मी जन्मात पाहिलं नाही. गुडघा सुजलेल्या माणसासारखं. "मजुरी?" आईने विचारलं. गोविंदभाऊ टोपलीकडे बघून म्हणाला, "चार तिसऱ्या टाका, कालवणापुरत्या."

संध्याकाळी दादाने पुन्हा सुपाऱ्या मारल्या. पूर्वीसारखी नव्हती ती. सहातल्या चार बाहेर यायच्या. दादा म्हणाला, "चार पुष्कळ झाल्या." त्याच रात्री त्याने काठ्या गोणपाटात बांधल्या, बाबा पुन्हा बघायच्या आत, आणि सकाळच्या बोटीने गेला.

संक्रांत झाली. तिळगुळाच्या दिवसांत आई कुणाशी धड गोड बोलली नाही. पोफळींवर वारा यायचा, तिचा हात थांबायचा. तात्या एकदा येऊन झाडावर चढायचा दोर बघून गेले, नवा घ्यावा लागेल म्हणाले. 

मग पत्र आलं. तात्याच पोस्टातून घेऊन आले आणि ओटीवर टेकले. आमच्या घरात वाचणारी मी एकटी. शाळेत नाही गेले कधी, पण वाण्याच्या पुड्यांचे कागद आणि दादाची जुनी पाटी यांवरून अक्षर अक्षर जुळवत शिकले होते. मोठ्याने वाचायचा मला भारी अभिमान. बाबा समोर, तात्या बाजूला, आई दारात.

दादा दुसरा आला होता! कायम झाला होता! आईने चौकट घट्ट धरली. मी पुढे वाचत गेले. आनंदाच्या भरात दादा सगळं विसरला होता. त्याने लिहिलं होतं, शेवटच्या खड्ड्यात चेंडू सुक्या वाळूत रुतून बसला होता, आणि बाबांची धार आयेने मोडून आणली नसती तर...

'बाबांची' एवढंच तोंडातून गेलं आणि माझे डोळे पुढच्या शब्दांवर पडले. मी थांबले. दारात आई हलायची बंद झाली.

"यमू, पुढे?" बाबा म्हणाले.

 मी कागद जरा तोंडाजवळ धरला.

"बाबांची... बाबांची आठवण झाली. त्यांनी लावलेल्या धारेच्या जोरावर चेंडू एका फटक्यात बाहेर आला."

 मग बाबांनी तात्यांकडे बघितलं. "तात्या, दुसरा गडी बघा. माझा सदू चढायचा न्हाय."

"जागा?" तात्या म्हणाले.

"शिमग्याला सोडतो," आई दारातूनच म्हणाली. तात्यांसमोर एवढ्या मोठ्याने बोलताना मी तिला तेव्हाच ऐकलं.

आम्ही गावात एका भाड्याच्या पडवीत राहायला गेलो. पावसात गळायची, पण तिच्यावर एकही पोफळ नव्हती. दादाने पहिल्या पगारातून पैसे धाडले, सुटीवर आला तेव्हा आईने त्याला अंगणातच गाठून सगळं कानात सांगितलं. तोही मग धारेचं कौतुक करायला शिकला.

माझी मात्र सुटका नव्हती. येईल त्याला बाबा बसवायचे, मला हाक मारायचे, "यमू, ते पत्र आण गं." गोविंद लोहारालासुद्धा ऐकवलं. तो बिचारा मान खाली घालून ऐकत राहिला आणि म्हणाला, "धार बेस बसली होती खरी." कागदाच्या घड्या फाटत आल्या तरी वाचन चालूच. आणि जे कागदावर नाही ते दरवेळी तेच, तसंच म्हणायचं म्हणजे काय कसरत असते ते मला विचारा.

एकदा आईच्या माहेरची माणसं आली होती. मी दमले होते, पत्र उघडलं आणि भराभर वाचत म्हणाले, "बाबांनी लावलेल्या धारेमुळे चेंडू बाहेर आला."

"धारेमुळे न्हाय," बाबा सुपारी कातरता कातरता म्हणाले. "धारेच्या जोरावर, असं लिवलंय त्याने. नीट वाच."